भरपाईत वकिलाचा वाटा नसतो

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकच्या औरंगाबाद रस्त्यावर मिरची चौकात यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस ट्रकला धडकून पेटली आणि १२ जणांचा जीव गेला. सरकारी मदत जाहीर झाली. पण अशी मदत म्हणजे कायद्याने मिळणारी नुकसानभरपाई नव्हे. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागावी लागते, आणि अपघाताची झळ बसलेल्या कुटुंबाला तिथे पहिला प्रश्न पडतो तो वकिलाच्या फीचा.

घरातला कमावता माणूस गेलेला किंवा अंथरुणाला खिळलेला, शिल्लक दवाखान्याच्या बिलात संपलेली. अशा वेळी ‘आत्ता काही देऊ नका, भरपाई आली की वीस टक्के द्या’ असं कुणी म्हटलं तर आधार वाटतो. अमेरिकेत ही पद्धत कायदेशीर आहे. तिथे वकील अनेकदा भरपाईचा एक तृतीयांश हिस्सा घेतात. भारतात मात्र तिला मनाई आहे. फी निकालावर अवलंबून ठेवू नये आणि मिळालेल्या रकमेत वाटा मागू नये, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम २० सांगतो. तेलंगणातील एका महिलेला पतीच्या अपघाती मृत्यूची भरपाई मिळाली होती. फीपोटी तिने दिलेला चेक वटला नाही म्हणून वकिलाने तिच्यावर फिर्याद केली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फिर्याद रद्द केली आणि टक्केवारीवर फी मागणं बेकायदा ठरवलं.

या वीस टक्क्यांची खरी किंमत भरपाईच्या हिशेबातून कळते. मृत व्यक्तीच्या वार्षिक उत्पन्नातून तिचा स्वतःचा खर्च वजा करतात आणि उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. ३६ ते ४० वयासाठी हा गुणक १५ आहे. म्हणजे पंधरा वर्षांच्या आधारातली तीन वर्षं टक्केवारीत जातात. मुलांच्या शाळेचे, म्हाताऱ्या आईच्या औषधाचे ते पैसे असतात.

वकिलाला मेहनताना मिळालाच पाहिजे. पुरावा उभा करणं, विमा कंपनीच्या वकिलाला तोंड देणं हे कष्टाचं काम आहे. पण ती फी ठरावीक रकमेची असावी. अर्ज दाखल करताना, साक्षीपुराव्याच्या वेळी आणि युक्तिवादाच्या वेळी, अशी ती टप्प्याटप्प्याने देता येते. कोर्ट फी, नकला, डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च यांचा हिशेब वेगळा ठेवायला सांगा. सगळं कागदावर घ्या, प्रत्येक रकमेची पावती मागा. कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नका. फी थकली तरी वकिलाला तुमची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केलं आहे. तक्रार असेल तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे जाता येतं.

ज्यांना ठरावीक फीही झेपत नाही, त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, मुलं, दिव्यांग, कामगार आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता तिथून मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. अपघातात पती गमावलेल्या बाईला हा हक्क आपोआप आहे, पण तो मागावा लागतो.

अर्ज अपघात झाला तिथेच करायला हवा असं नाही. नाशिकजवळ घडलेल्या अपघाताचा दावा यवतमाळच्या कुटुंबाला यवतमाळमध्येही करता येतो. पोलिसांनी न्यायाधिकरणाला पाठवलेला अपघाताचा अहवाल हाच दावा मानण्याचीही कायद्यात तरतूद आहे. मात्र १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला सहा महिन्यांची मुदत लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, तरी त्या भरवशावर थांबू नका. प्रथम माहिती अहवाल, पंचनामा आणि वाहनाच्या विमा पॉलिसीची प्रत हाती घ्या, आणि वकीलपत्रावर सही करण्याआधी फीचा आकडा रुपयांत लिहून घ्या.