आज्ञांची नळजोडणी

केळापूर तालुक्यातल्या मित्रांनो, जिनिंग म्हणजे काय हे तुम्हांला सांगायला नको. जिनात कापसातली सरकी वेगळी होते, रुई प्रेसकडे जाते आणि तिच्या गाठी बांधल्या जातात. प्रेस कशी चालते हे जिनाला ठाऊक असावे लागत नाही. एकाने सोडायचे, दुसऱ्याने घ्यायचे.

संगणकाच्या आज्ञाही अशाच जोडता येतात. बागेतल्या रबरी नळीला जसा आणखी एक तुकडा जोडतात, तसे प्रोग्रॅम जोडता यावेत, असे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये सुचवले. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ही सोय युनिक्समध्ये केली. दोन आज्ञांमधली उभी रेघ म्हणजेच ही नळी, पाइप.

समजा, ‘वजने’ या फाइलीत गाडीगाडीच्या कापसाचे वजन पूर्ण किलोंत, एका ओळीत एक असे लिहिले आहे. ते ‘बेरीज’ या आपल्या शेल स्क्रिप्टकडे पाठवू या. (आज्ञा आणि आकडे टंकायचे मात्र रोमन लिपीत.)

कॅट वजने | ./बेरीज

नवशिके ही वजने $१ मध्ये शोधतात. तेथे काहीच नसते! स्क्रिप्टला दोन दारे आहेत. नावापुढे लिहिलेले शब्द $१, $२ मधून येतात. नळीतला माल ‘स्टँडर्ड इनपुट’ या दुसऱ्या दाराने येतो. तो ‘रीड’ने ओळीओळीने उचलावा लागतो:

एकूण=०
व्हाइल रीड वजन
डू
एकूण=$((एकूण+वजन))
डन
एको $एकूण

नळी न जोडता हीच स्क्रिप्ट चालवलीत, तर ती गप्प बसेल. बिघडली म्हणून नव्हे. तुम्ही कळफलकावरून काही द्याल याची ती वाट पाहत असते.

खरी गोम पुढेच आहे. शेवटच्या ओळीनंतर ‘एंटर’ दाबलेले नसेल, तर ‘रीड’ ती ओळ वाचते, पण माल संपल्याचा निरोपही देते. फेरा तिथेच थांबतो. शेवटच्या गाडीचा कापूस बेरजेत येतच नाही, पडद्यावर तक्रारही दिसत नाही, आणि पैसे कमी मिळतात ते शेतकऱ्याला! म्हणून दुसरी ओळ अशी लिहा:

व्हाइल रीड वजन || [ -एन "$वजन" ]

म्हणजे ‘रीड’ थांबली, तरी हाती वजन उरले असल्यास तेही धरा. दोन्ही प्रकार करून पाहा:

प्रिंटएफ '१२०\एन९५\एन२१०' | ./बेरीज

पहिली स्क्रिप्ट २१५ दाखवील, सुधारलेली ४२५.