अशोका हाऊस आणि सोपाऱ्याचा दगड

जून महिना आला, की बोईसर-पालघर भागातील कामगार वस्त्यांत वह्या-पुस्तके आणि गणवेश यांची धावपळ सुरू होते. २०२४ च्या जूनमध्ये आमच्या धाकट्या भावाच्या घरी त्यात आणखी एका खर्चाची भर पडली. नववीत गेलेल्या आमच्या पुतणीला शाळेच्या 'हाऊस'चा टी-शर्ट हवा होता. भाऊ तारापूर एमआयडीसीत कपडा रंगविण्याच्या कारखान्यात कंत्राटावर आहे. टी-शर्टचे पैसे ऐकून त्याने आमच्याकडे पाहिले आणि आम्ही मुलीकडे.

"काका, मी अशोका हाऊसमध्ये आहे," ती म्हणाली.

"अशोका म्हणजे कोण गं?"

"राजा होता. कलिंगचं युद्ध केलं. मार्काचा प्रश्न असतो."

वाचकहो, हे उत्तर बौद्ध घरातले होते. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, दाराशी निळा झेंडा, आणि चक्रवर्ती सम्राट अशोक मात्र मार्काच्या प्रश्नापुरता! शिवाय 'अशोका' का? इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एक 'ए' चिकटला आणि आमचा अशोक 'अशोका' झाला. मुलांना तेच रूप खरे वाटते. आम्ही दुरुस्ती केली, तेव्हा तिने सांगितले, की 'अशोक, अशोक' असे ओरडले तर मैदानावर जोर येत नाही. हे मात्र आम्हाला मान्य करावे लागले.

ही हाऊसची पद्धत इंग्रजांच्या निवासी शाळांतून आली. तेथे मुले वेगवेगळ्या इमारतींत राहत आणि त्या इमारतींच्या नावाने आपसात सामने खेळत. आमच्याकडे इमारती आल्या नाहीत, नावे तेवढी आली. देशभरच्या अनेक केंद्रीय विद्यालयांत शिवाजी, टागोर, अशोक आणि रामन अशी चार हाऊस असतात. इतर शाळांनीही तीच किंवा तशीच नावे घेतली. आमच्या पुतणीची बोईसरजवळची शाळा त्यांतलीच एक. मुलाला कोणते हाऊस मिळेल हे बहुधा हजेरीपटावरून ठरते. म्हणजे अशोक तिच्या वाट्याला आला तो हजेरीच्या क्रमांकाने.

हाऊसचे वर्ष कसे चालते, हे आम्हालाही तिच्याकडूनच कळले. जुलैत कप्तान निवडतात. पावसाळ्यात मैदानावर तळे साचते, म्हणून तेव्हा बुद्धिबळ, कॅरम, वक्तृत्व. २९ ऑगस्टला, मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिनी, क्रीडा दिन. गणपतीनंतर जमीन सुकू लागली, की कबड्डी आणि खो-खो. डिसेंबरात धावणे, उड्या, गोळाफेक. प्रत्येक स्पर्धेचे गुण फळ्यावर लिहिले जातात आणि मुले घरी येऊन ते आईबापांना असे सांगतात, जणू पगारवाढच झाली.

पुतणी खो-खोची. हा खेळ गरिबाच्या मुलीला परवडतो. दोन खांब आणि मोकळी जागा, एवढ्यावर तो उभा राहतो. पण सोपा नाही. आठ जणी एकाआड एक उलट्या तोंडाने बसतात आणि नववी पाठलाग करते. पाठलाग करणारीला मधली रेषा ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागे फिरता येत नाही. पळणारीला मात्र कोठूनही कोठे जाता येते. म्हणून एकटीच्या वेगाने गडी सापडत नाही. योग्य क्षणी बसलेलीच्या पाठीला हात लावून 'खो' द्यावा लागतो, म्हणजे आपली धाव दुसरीला देऊन स्वतः तिच्या जागी बसावे लागते.

सराव शाळा सुटल्यावर होई. घरात वाद पेटला तो यावरून. वहिनी दिवसभर एका पॅकिंगच्या कारखान्यात जाते. भावाची पाळी दर आठवड्याला बदलते. संध्याकाळचे पाणी भरणे, भाकरी टाकणे आणि धाकट्याला सांभाळणे हे मुलीकडे. भाऊ म्हणाला, "खेळून कोणाचं पोट भरलंय? पुढच्या वर्षी दहावी आहे. हे खेळ आपल्या लोकांसाठी नाहीत."

शेवटचे वाक्य आम्हाला लागले. त्या रात्री आम्ही त्याला बाळू पालवणकर यांची गोष्ट सांगितली. चांभार समाजातला हा गोलंदाज. पुण्याच्या जिमखान्यावर त्याच्या हातचा चेंडू सवर्ण खेळाडूंना चाले, पण चहा त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ साली हिंदुस्थानच्या संघाबरोबर तो इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कप्तानपद त्याला कधी दिले गेले नाही. त्याचा भाऊ विठ्ठल याला ते १९२३ मध्ये मिळाले. तरुण बाबासाहेबांना बाळूचा अभिमान होता. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हाच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि पडला, हेही आम्ही लपवले नाही. राजकारणात त्याने चूक केली असे आम्हाला वाटते. मैदानावर मात्र त्याने जे मिळवले, ते कोणी दान दिलेले नव्हते. एखाद्या शाळेने 'पालवणकर हाऊस' काढले तर टी-शर्टचे पैसे आम्ही देऊ.

भाऊ काही बोलला नाही. पण आठवड्यातून तीन दिवस सरावाला परवानगी मिळाली. त्या तीन दिवसांचे पाणी कोण भरणार, याचा निर्णय वहिनीने दिला. ज्याची पहिली पाळी असेल त्याने. म्हणजे भावाने.

डिसेंबरात मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना झाला, अशोका विरुद्ध शिवाजी. आम्ही अर्धा दिवस रजा टाकून गेलो. पुतणी पळतीच्या पहिल्या तुकडीत होती. तिने अडीच मिनिटे कोणाला हात लावू दिला नाही, मग खांबाजवळ पाय घसरला आणि ती बाद झाली. शेवटच्या डावात अशोकाला बरोबरीसाठी एक गडी हवा होता. तो मिळाला नाही. एका गुणाने हार. मुलगी घरी येऊन जेवली नाही. वर्षाच्या एकूण गुणांत अशोका हाऊस चौघांत तिसरे आले. इतिहासात एवढा मोठा सम्राट आणि फळ्यावर तिसरा, असे धाकट्याने चिडवले आणि मार खाल्ला.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला आणि पुरुष, दोन्ही संघांनी तो जिंकला. महिला संघाची कप्तान प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघेही आपल्या महाराष्ट्राचे. भावाने तो अंतिम सामना मोबाईलवर पूर्ण पाहिला. पोट भरण्याचा प्रश्न त्याने त्या दिवशी काढला नाही.

फेब्रुवारीत त्याची सुट्टी आणि मुलांची सुट्टी एका दिवशी आली. आम्ही सगळ्यांना घेऊन सोपाऱ्याला निघालो. २०१३ पासून डहाणूची लोकल सुरू झाल्याने बोईसरहून हे आता सोयीचे झाले आहे. उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा, विरार, आणि पुढचे स्टेशन नालासोपारा. पश्चिमेला उतरून रिक्षा करायची. ज्या नालासोपाऱ्याला आपण चाळी, पाणीटंचाई आणि गर्दीसाठी ओळखतो, ते प्राचीन शूर्पारक बंदर होय. ऑगस्ट २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते आपल्याच जिल्ह्यात आहे.

मुलांना वाटले होते मोठा महाल दिसेल. दिसला विटांचा एक उंचवटा. आजूबाजूचे लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत आले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला, तेव्हा तो कोट नसून स्तूप असल्याचे कळले. आत दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या आत एकात एक बसवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक, सोन्याची फुले आणि भिक्षापात्राचे तुकडे. बरोबर ब्राँझच्या आठ मूर्ती. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले. पालीच्या परंपरेतील भिक्खू पुण्ण, जो रागीट लोकांच्या मुलखात धम्म सांगायला निघाला होता, तो याच बाजूचा व्यापारी मानला जातो.

त्याच १८८२ साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. जवळच्या भुईगावात नवव्याचा तुकडा सापडला तो १९५६ मध्ये. साल ऐकताच वहिनीने मान वर केली. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी, नागपूर. ही तारीख आमच्या घरात कोणाला शिकवावी लागत नाही.

दगड आता मुंबईला आहेत, म्हणून त्यांत काय आहे ते आम्ही स्तूपाशेजारी सावलीत बसून सांगितले. आठवा लेख म्हणतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. येथे विहार म्हणजे आपले बुद्धविहार नव्हे, तर मौजेची सहल. तीत शिकार असे. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला, भेट दिली आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केल्या. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, वृद्धांना मदत करायची, खेड्यापाड्यातल्या माणसांशी बोलायचे, आणि राजाला यातच अधिक आनंद वाटतो असे तो लिहितो.

"म्हणजे राजाने खेळ बंद केला?" धाकटा घाबरून म्हणाला.

"शिकार बंद केली. खो-खोत कोणी मरत नाही."

नवव्या लेखात राजा म्हणतो, की लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, आणि स्त्रिया तर पुष्कळच क्षुल्लक विधी करतात. "बायकांनाच का बोलला?" पुतणीने लगेच विचारले. प्रश्न रास्त आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाचा बचाव आम्ही केला नाही. पण पुढचे वाक्य वाचकांनी ऐकावे. खरे मंगल कोणते, तर धम्माचे. त्यात पहिलीच गोष्ट सांगितली आहे ती दास आणि भृतक यांच्याशी नीट वागण्याची. भृतक म्हणजे पगारावर राबणारा माणूस. त्यानंतर गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, दान.

"हे कंपनीच्या गेटवर लावा," भाऊ म्हणाला. आम्ही हसलो. तो हसला नाही.

"आणि हा अशोकच कशावरून?" पुतणी म्हणाली. "नाव लिहिलंय का?" येथे आम्हाला तिचा अभिमान वाटला. बहुतेक लेखांत राजा स्वतःला देवानांप्रिय प्रियदर्शी म्हणवतो. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली, पण 'अशोक' हे नाव स्पष्ट कोरलेला लेख कर्नाटकात मस्कीला सापडला तो १९१५ मध्ये. मधली शेकडो वर्षे हा राजा लोकांच्या आठवणीतून जवळजवळ पुसला गेला होता. मग २२ जुलै १९४७ रोजी त्याचे चोवीस आऱ्यांचे चक्र राष्ट्रध्वजावर आले. ध्वज ठरविणाऱ्या समितीत बाबासाहेब होते. सारनाथचे सिंह तर प्रत्येक नोटेवर आहेत. धाकट्याने खिशातली दहाची नोट काढून खात्री केली.

ऊन उतरल्यावर मुलांनी बाजूच्या मोकळ्या जागेत दोन चपला ठेवून खांब केले. गडी कमी पडले, म्हणून तेथलीच चार मुले घेतली. भाऊ कडेला उभा राहून ओरडत होता, आणि 'अशोका' असेच ओरडत होता.

परतीच्या गाडीला विरारपर्यंत उभे राहावे लागले. पुढे जागा मिळाली आणि मुले झोपली. सफाळ्याच्या आसपास भावाने पुतणीच्या दप्तरातून एक घडी घातलेला कागद काढला. उन्हाळ्याच्या सुट्टीतील खो-खो शिबिराचे संमतिपत्र होते ते, तीन आठवडे तसेच पडलेले. त्याने ते दोनदा वाचले आणि आमच्याकडे पेन मागितले. गाडी हलत असल्यामुळे सही वाकडी आली.