मोटारीच्या कापडी सीटवरील डाग

आम्ही कापडवाले डाग पाहिला की आधी विचारतो, डाग कशाचा? इलाज त्यावर ठरतो. सीटच्या कापडाखाली फोम असतो. त्यात पाणी मुरले की कुबट वास सुटतो. म्हणून पाणी ओतू नये, ओल्या फडक्याने टिपावे. घासल्यास डाग पसरतो.

तेलावर टाल्कम पावडर पसरून तासाभराने झाडावी, मग साबणपाणी लावावे. चहाला साबणपाणी व चमचाभर पांढरा व्हिनेगर. बॉलपेनच्या शाईला स्पिरिटचा बोळा. हळदीचा डाग साबणाने लाल होतो. घाबरू नये, उन्हात फिका पडतो.

प्रत्येक इलाज आधी मागल्या कोपऱ्यावर अजमावावा. रंग उतरला तर थांबावे. ब्लीच वापरू नये; डागाबरोबर कापडाचा रंगही जातो. शेवटी साबण टिपून काढावा व दारे उघडी ठेवून सीट सुकवावी.