स्टार्टर फिरतो, पण इंजिन लगेच बंद का पडते?

स्टार्टर फिरतो, इंजिन क्षणभर धडधडते आणि दोन सेकंदांत गप्प होते. डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत राहते. टाकीत पेट्रोल असूनही असे होत असेल, तर संशय इमोबिलायझरवर घ्यावा.

चोरी रोखणाऱ्या या यंत्रणेची चिप चावीच्या डोक्यात असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. इग्निशन लॉकभोवतीच्या कॉइलकडून ऊर्जा घेऊन ती आपला कोड कळवते. कोड जुळल्याचा निरोप ईसीयूला मिळाला, तरच इंजिन चालू राहते. त्यामुळे लॉकमध्ये फिरवायच्या चावीत रिमोटचा सेल बदलून काही साधत नाही.

सर्वात स्वस्त चाचणी म्हणजे घरातली दुसरी चावी. तिने गाडी सुरू झाली, तर दोष पहिल्या चिपमध्ये. दोन्ही चाव्या निकामी ठरल्या, तर बॅटरी आणि फ्यूज तपासावेत. बॅटरी उतरली असली, तरीही हा संवाद तुटतो.

त्यानंतर स्कॅनर. ‘यू’ने सुरू होणारा कोड म्हणजे गाडीतल्या कंट्रोल युनिटचे आपसातले बोलणे थांबले आहे. बहुतेक गाड्यांत बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये सुमारे ६० ओहम रोध दिसायला हवा. १२० दिसला तर वायर कुठेतरी तुटली आहे किंवा एका टोकाचा रेझिस्टर गेला आहे. शून्याजवळ असेल तर शॉर्ट.

गॅरेजवाला थेट ईसीयू बदलायला सांगत असेल, तर आधी हे आकडे मागावेत. चावीशी जुळवल्याशिवाय नवा ईसीयूही बहुधा गाडी सुरू करत नाही.