बीमची पायरी आणि कोपऱ्यातली सळई

सौंसरला रस्त्यालगतच्या प्लॉटवर पुढे दुकान आणि मागे राहणं, असं घर नेहमीचंच. 2023 साली गाव छिंदवाडा जिल्ह्यातून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेलं, घराची रीत तीच राहिली. दुकानाचं छत उंच आणि मागच्या खोल्यांचं खाली असलं की मधल्या बीमला पायरी पडते. मिस्त्री म्हणतो, "सळई वाकवून टाकू, काही होत नाही." होतं ते इथेच.

दोन आधारांवर टेकलेला 4 मीटरचा बीम घ्या. दर मीटरला दीड टन वजन धरलं, तर मध्यावर वाक 3 टन-मीटर येतो. वरचा दाब आणि खालचा ताण यांत 30 सेंटिमीटरचं अंतर असेल, तर तळाच्या सळयांवर मिळून 10 टनांची ओढ बसते. आता त्याच जागी पायरी ठेवून सळया काटकोनात वळवा. ताणलेली सळई सरळ व्हायला बघते आणि आतल्या कोपऱ्यातलं काँक्रीट तिरपं बाहेर ढकलते, तेही सुमारे 14 टनांनी. तिला धरायला तिथे असतो फक्त इंचभर कव्हर. ते फुटलं की सळई मोकळी!

आयएस 456:2000 या संहितेत ताणाची सळई आत वळणाऱ्या कोपऱ्यात वाकवणं शक्यतो टाळा, असंच म्हटलं आहे. उपाय साधा आहे. दोन्हीकडच्या सळया कोपऱ्यावरून सरळ पुढे न्यायच्या, एकमेकींना ओलांडू द्यायच्या आणि पलीकडच्या काँक्रीटमध्ये रुतवायच्या. एम 20 काँक्रीटमध्ये एफई 500 ची 12 मिलिमीटर सळई रुतायला साधारण 68 सेंटिमीटर लागतात, म्हणजे सव्वादोन फूट. जागा अपुरी असेल तर पलीकडच्या कडेला पोचल्यावर वळवावी. पायरीपाशी रिंगा जवळजवळ बांधाव्यात. सगळं मिळून खर्च दोनचार किलो लोखंडाचा. त्यावर घासाघीस करणारे घरमालक टाइल्सवर मात्र करत नाहीत.

संगणकाच्या कागदावरही डोळे मिटून विसंबू नये. मॉडेलमध्ये बीम एका सरळ रेषेने काढला, तर पायरी त्यात नसतेच आणि उत्तर बिनघोर येतं. नकाशा हातात असतानाच पायरीखाली कॉलम घेता आला, तर दोन बीम दोन पातळ्यांवर त्यातच संपतात. वळणाचा प्रश्नच उरत नाही.

पायरीचा बीम नसलेल्या घरातही जिना असतोच. चढ संपून लँडिंग सुरू होतं, तिथे खालच्या बाजूला हाच आतला कोपरा येतो. सेंट्रिंगवर लोखंड बांधून झालं की काँक्रीट ओतण्याआधी तिथे वाकून पाहावं: सळया एकमेकींना ओलांडून गेल्यात, की नुसत्या वळवल्यात?