खोल नीलांतील रक्तगुठळी

पायाच्या स्नायूंमधून जाणाऱ्या खोल नीलांमध्ये रक्त साकळून गुठळी होणे, या विकारास खोल नीलांतील रक्तगुठळी म्हणतात. रुग्णालयांत हा विकार ‘डीव्हीटी’ या नावाने ओळखला जातो. गुठळी प्रामुख्याने पोटरी, मांडी किंवा ओटीपोटातील नीलांत होते. तिचा तुकडा सुटून हृदयामार्गे फुप्फुसाच्या रोहिणीत अडकल्यास जीवास धोका निर्माण होतो.

कारणे

रक्तप्रवाह मंदावणे, नीलेच्या भित्तीस इजा होणे आणि रक्ताची साकळण्याची प्रवृत्ती वाढणे, ही तीन मूलभूत कारणे मानली जातात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडॉल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांच्या नावाने ही त्रयी ओळखली जाते. त्यांचा जन्मदिन, १३ ऑक्टोबर, २०१४ पासून जागतिक रक्तगुठळी दिन म्हणून पाळला जातो.

चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलतात. मोठी शस्त्रक्रिया, अस्थिभंग, दीर्घकाळ अंथरुणास खिळणे किंवा चार तासांहून अधिक बैठा प्रवास यांमुळे हे कार्य मंदावते. कर्करोग, स्थूलता, संततिनियमनाच्या काही गोळ्या व आनुवंशिकता हीही कारणे आहेत. गरोदरपणी व प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत धोका विशेष वाढतो.

लक्षणे

बहुधा एकाच पायावर सूज येते. पोटरी दुखते, त्वचा उष्ण व लालसर होते. काही रुग्णांत लक्षणे दिसतही नाहीत. स्नायू दुखावणे, त्वचेखालील जंतुसंसर्ग व हत्तीरोग यांतही पाय सुजतो, त्यामुळे केवळ पाहून निदान होत नाही. कोल्हापूर परिसरासह महाराष्ट्रात बाळंतिणीचे अंग चोळण्याची रीत आहे. मात्र एकच पाय सुजला व दुखत असेल, तर तो चोळू नये. त्यामुळे गुठळी सुटण्याची शक्यता असते. त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा शुद्ध हरपणे ही फुप्फुसात गुठळी गेल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

निदान

वैद्य प्रथम लक्षणे व पूर्वेतिहास यांवरून गुठळीची शक्यता गुणांनी ठरवतात. यासाठी वेल्स गुणांकन वापरले जाते. दोन्ही पोटऱ्यांच्या घेरात तीन सेंटिमीटरहून अधिक फरक असणे हा त्यातील एक निकष होय. शक्यता कमी असल्यास ‘डी-डायमर’ ही रक्ततपासणी करतात. ती सामान्य आल्यास गुठळी नसल्याचे मानता येते. उलट ती वाढलेली असली, तरी गुठळी सिद्ध होत नाही. गरोदरपण, जंतुसंसर्ग व वार्धक्य यांतही ती वाढते. शक्यता अधिक असल्यास थेट डॉपलर सोनोग्राफी करतात. यंत्राने दाबल्यावर निरोगी नीला मिटते, गुठळी असलेली मिटत नाही.

उपचार

रक्त पातळ करणारी औषधे हा मुख्य उपचार होय. ही औषधे गुठळी विरघळवत नाहीत. तिची वाढ रोखतात आणि शरीर ती हळूहळू विरघळवते. उपचार किमान तीन महिने चालतो. पाय बरा वाटला म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्यास गुठळी पुन्हा होऊ शकते.

हेपॅरिन इंजेक्शनाने देतात; गरोदरपणी त्याचाच एक प्रकार वापरतात. वॉरफॅरिन घेणाऱ्यांना ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी वारंवार करावी लागते व तिचे प्रमाण सामान्यतः २ ते ३ दरम्यान राखतात. मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्वाने त्याचा परिणाम घटतो. म्हणून त्या वर्ज्य न करता रोज साधारण सारख्या प्रमाणात खाव्यात. रिव्हरोक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन या नव्या औषधांना अशी तपासणी लागत नाही. मात्र गरोदर व स्तनदा मातांना ती देत नाहीत. या सर्व औषधांनी रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

बऱ्याच रुग्णांत गुठळी विरल्यावरही पायाची सूज, जडपणा किंवा व्रण उरतात.

प्रतिबंध

शस्त्रक्रिया वा प्रसूतीनंतर वैद्यांच्या अनुमतीने लवकर चालू लागणे, लांबच्या प्रवासात अधूनमधून उठणे, घोटे हलवणे व पुरेसे पाणी पिणे हितावह असते. बाळंतिणीने विश्रांतीच्या काळातही घरात फिरते राहावे. अधिक धोका असलेल्या रुग्णांना रुग्णालयात प्रतिबंधक इंजेक्शने देतात.