सर्व्हरला हवा निरंक अहवाल

ई-पीक पाहणीची मुदत जवळ आली की ‘सर्व्हर डाऊन’ची बातमी आलीच म्हणून समजा. १५ ऑगस्ट २०२१ पासून सातबाऱ्यावरचा पीकपेरा शेतकऱ्यानेच मोबाइलवरून नोंदवायचा, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय. मुदतवाढही पाठ झालीय. पण कुठल्याही ॲपचं काम अडलं की बिल सर्व्हरच्याच नावावर फाडायचं, हे काही पटत नाही. सर्व्हर ठणठणीत असूनही काम अडू शकतं. त्याच्या हाती नुसतीच रिकामी विनंती आलेली असते.

ॲप सर्व्हरला जे पाठवतं त्यात वर हेडर असतात आणि खाली मजकूर, म्हणजे ‘बॉडी’. माहिती मागायची तर ‘गेट’, तिला बॉडी लागत नाही. नोंद पाठवायची तर ‘पोस्ट’. घोळ होतो तो पोस्टमध्ये. ‘लॉगआउट कर’, ‘ओटीपी पुन्हा पाठव’ अशा विनंत्यांत सगळं पत्त्यातच आलेलं असतं, खाली लिहायला काही उरत नाही. मग बॉडी रिकामी पाठवायची की पाठवायचीच नाही?

कचेरीत काम केलेल्याला हे विचारूच नये. माहिती शून्य असली तरी निरंक अहवाल धाडावाच लागतो, नाहीतर स्मरणपत्र येतं. वेबचा कारभारही तसाच. वेबवरची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते त्या एचटीटीपीचं जून २०२२ चं मानक, आरएफसी ९११०, सांगतं की पोस्टमध्ये मजकूर नसला तरी ‘कंटेंट-लेंथ: ०’ हा हेडर सहसा पाठवला जातो. तो नसेल तर काही सर्व्हर ४११ क्रमांक तोंडावर फेकतात: आधी लांबी सांगा! अँड्रॉइडवर सर्रास वापरली जाणारी ‘ओकेएचटीटीपी’ लायब्ररी आणखी कडक. बॉडीशिवाय पोस्ट ती फोनबाहेर जाऊच देत नाही. शून्य बाइटची का होईना, बॉडी द्या म्हणते. गंमत अशी की पलीकडे जेसन या साच्यातला मजकूर वाचायला बसलेल्या सर्व्हरला अनेकदा शून्य बाइट चालत नाहीत. त्याला निदान महिरपी कंसांची एक रिकामी जोडी लागते, नाहीतर ४००.

खरा चोर मात्र वेगळाच. ॲपमध्ये जुना ‘एचटीटीपी’ पत्ता राहिलेला असतो, सर्व्हर ३०१ देऊन ‘एचटीटीपीएस’कडे वळवतो, आणि त्या वळणावर बऱ्याच लायब्ररी पोस्टचं गेट करून टाकतात. बॉडी वाटेतच गळते. पीक, क्षेत्र, फोटो, काय भरलं असेल ते सगळं. ३०१ ऐवजी ३०८ दिला असता तर मजकूर शाबूत राहिला असता.

अशा वेळी बोल लागतो रेंजला. बेल्लमपल्लीहून बल्लारशहाकडे निघालेल्या गाडीत रेंज तुटली, तर विनंती पोचत नाही किंवा अर्धवट पोचते. कंटेंट-लेंथ २००० म्हणते आणि बाइट आले ७००, म्हणजे तूट सर्व्हरला दिसते. नीटनेटकी, पूर्ण रिकामी बॉडी आली तर रेंजवर संशय घेण्याआधी ॲप उघडून बघावं.

आणि तेच कुणी बघत नाही, कारण पडद्यावर एकच वाक्य असतं: काहीतरी चुकले आहे, पुन्हा प्रयत्न करा. रिकामी बॉडी दहादा पाठवली तरी रिकामीच राहणार! ४०० च्या घरातला क्रमांक म्हणजे पाठवणाऱ्याची चूक, ५०० च्या घरातला म्हणजे सर्व्हरची. हा भेद मानकातच आहे, ॲपवाले तो झाकून ठेवतात. तो तीन आकडी क्रमांक त्या वाक्याशेजारी छापायला कितीसे कष्ट पडणार? ४११ दिसला तर तक्रार ॲप बनवणाऱ्याकडे जाईल, ५०३ दिसला तर सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे. आज दोन्ही तलाठ्याच्या टेबलावर जातात, आणि त्याच्या हातात यातलं काहीच नसतं.